मारियोची गर्दी, गायतोंडेंचा रोलर: प्राथमिक वर्गात मोठे चित्रकार आणायचे कसे

तिसरीच्या वर्गात फळ्यावर एखादं प्रसिद्ध चित्र चिकटवलं आणि "असं काढा" म्हटलं, की थोड्याच वेळात तीस कागदांवर तीस फसलेल्या नकला तयार होतात. मुलं एकमेकांच्या कागदात डोकावतात, खोडरबरने कागद झिजतो आणि मागच्या बाकावरून "बाई, मला नाय जमत" ऐकू येतं. मुलांचा यात काही दोष नाही. पन्नास वर्षं हात चालवलेल्या माणसाचं तयार चित्र आठ वर्षांच्या मुलाला उतरवता येणारच नाही.

त्या माणसाची काम करण्याची रीत मात्र आठ वर्षांच्या मुलालाही उचलता येते. गायतोंडे रोलरने रंगावर रंग चढवत. व्यंगचित्रकार मारियो गर्दीतल्या प्रत्येक माणसाला वेगळं नाक, वेगळा चेहरा देत. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस आधी कागद रंगवून घेत आणि मग कात्रीने आकार कापत. यातली कुठलीही गोष्ट पहिली ते चौथीच्या हातांना जमण्यासारखी आहे. म्हणून एका उपक्रमाला चित्रकार एकच आणि रीत एकच घ्यावी. विषय मुलांच्या गावातला असावा. पुढचं सगळं या एका धोरणावर बेतलेलं आहे.

गोव्यातल्या शिक्षकांना चित्रकार लांब शोधायची गरजही नाही. फ्रान्सिस न्यूटन सूझा साळगावचे, लक्ष्मण पै मडगावचे आणि मारियो मिरांडा लोटलीचे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपुरात झाला, पण घराणं गोव्याचं. "हा माणूस आपल्या मडगावचा" एवढं सांगितलं तरी वर्ग सावरून बसतो.

मूळ चित्र दाखवावं कसं?

मूळ चित्राची एथ्री आकाराची रंगीत प्रत आणा. मोबाइलचा पडदा वर्गभर फिरवला तर प्रत्येकाच्या वाट्याला चार सेकंद येतात, त्यात काही दिसत नाही. चित्र लावल्यावर एक मिनिट कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. मग तीन प्रश्न: तुझा डोळा आधी कुठे गेला? हे करायला हातात काय धरलं असेल? आधी काय केलं असेल आणि नंतर काय? यातला दुसरा प्रश्न सर्वात कामाचा आहे. मुलं ब्रश, बोट, चिंधी, कंगवा अशी नावं घेऊ लागतात आणि गोष्ट आपोआप रीतीपर्यंत पोचते. या सगळ्याला सात-आठ मिनिटं पुरतात.

त्यानंतर चित्र काढून उलटं ठेवा. ही पायरी गाळू नका. चित्र समोर टांगलेलं राहिलं की मुलं पुन्हा नकलेकडे वळतात. काम संपल्यावर ते परत लावायचं. तेव्हा मुलं "त्यांनी पण असंच केलंय" म्हणून स्वतःच ओळखायला लागतात.

सूझांच्या बाबतीत एक काळजी घ्या. त्यांच्या जाड काळ्या रेषा, चर्चची आणि गावांची चित्रं मुलांना फार आवडतात, पण त्यांचं बरंचसं काम मोठ्यांसाठीचं आहे. मुलांना इंटरनेटवर शोधायला सांगू नका. दोन-तीन चित्रं तुम्हीच निवडून छापून न्या.

मारियोची गर्दी (तिसरी-चौथी)

पणजीच्या महापालिका बाजारात मारियोंच्या चित्रांवरून केलेली भित्तिचित्रं आहेत. मुलांनी ती पाहिलेली असली तर उत्तम. नसली तर त्यांचं गर्दीचं कुठलंही एक चित्र घ्या. त्यात प्रत्येक माणूस काहीतरी करत असतो. कोणी ओरडतंय, कोणी डुलकी घेतंय, कुत्रा कोणाच्या तरी पायात घुटमळतोय. तरुणपणी त्यांनी रोजनिशी ठेवली, तीही चित्रांची. म्हणजे ही गर्दी त्यांनी आधी रोज डोळ्यांनी गोळा केली होती. मुलांनीही तिथूनच सुरुवात करावी.

आदल्या दिवशीचा गृहपाठ: येता-जाता दिसलेली पाच माणसं वहीत लिहून आणा. नुसतं "एक बाई" चालणार नाही. "मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली, साडी वर खोचलेली, हातात छत्री" असं हवं. पोदेर (पाववाला), मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाड्याने माणसं नेणारा), कदंब बसचा कंडक्टर, फुलांच्या माळा विकणारी, जत्रेतला खाजेकार अशी माणसं हमखास येतात. हा गृहपाठ झाला नाही तर दुसऱ्या दिवशी वर्गात काडीचे हातपाय असलेली तीस सारखी माणसं मिळतील.

वर्गात पहिली दहा मिनिटं नाकांना द्या. कागदाला घड्या घालून सहा चौकोन करायचे आणि प्रत्येकात एक वेगळं नाक काढायचं: लांब, बसकं, टोकदार, बटाट्यासारखं, पोपटासारखं, आणि सहावं स्वतःचं, बोटाने चाचपून. मग त्याच नाकांभोवती चेहरे पुरे करायचे. प्राथमिकच्या मुलांना चेहऱ्याचा गोल आधी काढायची सवय असते, आणि त्या गोलात नाक-डोळे कोंबल्यामुळे सगळे चेहरे सारखे होतात. नाकापासून सुरुवात केली की ही सवय मोडते.

आता मुख्य काम. तीस मुलांचा वर्ग धरून हिशेब असा. दोन चार्ट पेपर (प्रत्येकी साधारण 56 बाय 71 सेंटिमीटर) मागून चिकटपट्टी लावून आडवे जोडा, म्हणजे 142 सेंटिमीटर लांबीची पट्टी मिळते. प्रत्येक मुलाने तीन माणसं काढायची, एकूण 90. मागच्या रांगेत 6 सेंटिमीटर उंचीची 30, त्यापुढे 9 सेंटिमीटरची 24, मग 12 सेंटिमीटरची 20 आणि सर्वात पुढे 15 सेंटिमीटरची 16. वाटणी सोपी आहे: लहान माणूस प्रत्येकाने एक काढायचा, उरलेली 60 बाकांच्या रांगांप्रमाणे वाटून द्यायची. उंची तोंडी सांगू नका. त्या मापाच्या कागदाच्या पट्ट्या आधीच कापून ठेवा आणि "डोकं वरच्या कडेला, पाय खालच्या कडेला टेकले पाहिजेत" एवढंच सांगा. नाहीतर 15 सेंटिमीटरच्या पट्टीच्या मधोमध अंगठ्याएवढा माणूस उभा राहतो.

पेन्सिल बंद. थेट काळ्या जेल पेनने काढायचं. रेष चुकली तर ती कपड्यांची नक्षी होते, केस होते, सुरकुती होते. पहिली पाच मिनिटं मुलं बिचकतात, नंतर हात सुटतो. जाड मार्कर लहान माणसांना देऊ नका, साध्या कागदावर शाई पसरते आणि डोळ्यांच्या जागी डाग पडतात. तो बाहेरची रेघ जाड करायला ठेवा, तोही फक्त पुढच्या रांगेला. कपड्यांत तीन वेगळ्या नक्ष्या हव्यात: रेघा, ठिपके, चौकटी, फुलं, जे सुचेल ते. रंग एकच, फार तर दोन, आणि तेही सपाट. प्रत्येकाने आपापला रंग भरला की दुरून सगळी गर्दी चिखलासारखी दिसते.

कापताना माणसाच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर पांढरा कागद राहू द्या. एकावर एक चिकटवल्यावर त्या पांढऱ्या कडेनेच माणसं सुटी दिसतात. चिकटवायचा क्रम मागून पुढे. आधी 6 सेंटिमीटरची रांग वरच्या बाजूला, मग प्रत्येक पुढची रांग मागच्यांचे पाय झाकत. हा क्रम उलटला तर काहीच जुळत नाही आणि चिकटलेला कागद उखडताना फाटतो, म्हणून आधी फेविकॉल न लावता सगळं मांडून बघा. चौथीची मुलं या मांडणीवरून तावातावाने वाद घालतात: "माझा पायलट हिच्या गाड्याला आपटतोय!" घालू द्या. कोण कोणाकडे बघतंय हे ठरवायला लागले, की चित्र खऱ्या अर्थाने त्यांचं होतं.

फेविकॉल थेंबाने नको. झाकणात थोडा काढून कार्डाच्या तुकड्याने पातळ फासा. थेंब राहिला की तिथे चार्ट पेपर फुगतो आणि सुकल्यावर सुरकुतलेलाच राहतो.

गायतोंडेंचा रोलर (दुसरी ते चौथी)

या उपक्रमाला शिक्षक घाबरतात, कारण चित्रात "काही नसतं". मुलांना मात्र त्याची मुळीच अडचण वाटत नाही. गायतोंडे आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. अमूर्त हा शब्द त्यांना मान्य नव्हता. वर्षाला मोजकीच चित्रं करत, रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, कागदाचे तुकडे रंगावर ठेवून काढत. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. वर्गासाठी आपण यातल्या दोनच गोष्टी घेऊ: रोलरचा थर आणि कागदाने रंग उचलणं.

रंग कुठून घ्यायचे? मुलांना चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीपाशी न्या. बहुतेक शाळांच्या आवारात एखादी असतेच. प्रत्येकाने भिंतीचा तळहाताएवढा भाग निवडायचा आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघायचा. दुरून नुसती लाल वाटणारी भिंत जवळून तशी नसते. भोकांच्या आत गडद विटकरी, कडांना पिवळट, वर शेवाळाचा काळपट हिरवा आणि मध्येच भुरकट पांढरे ठिपके. पावसात भिजलेला चिरा तर आणखी गडद. मुलांनी पाच रंग मोजून वर्गात यायचं. त्यावरून गेरूसारखा तांबडा, पिवळ्या मातीचा, पांढरा आणि जरासा काळा अशी रंगांची निवड पक्की होते. निळा, जांभळा, पोपटी टेबलावर ठेवूच नका. समोर असला की वापरला जातो, आणि चार विरोधी रंग एकत्र आले की मळका करडा उरतो.

सामान तीस मुलांसाठी: एफोर आकाराचे किमान 150 जीएसएमचे जाड कागद (साधा झेरॉक्सचा कागद ओला झाला की रोलरलाच चिकटून फाटतो), तितकेच पुठ्ठे, मास्किंग टेप, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे लहान फोमचे रोलर 12, पसरट ताटल्या 12, रद्दीचे कागद, चिंध्या. पाच-पाच मुलांचे सहा गट, प्रत्येक गटाला एक रोलर उजळ रंगाचा आणि एक गडद रंगाचा. रोलर मिळाले नाहीत तर भांडी घासायचा स्पंज कोरा आणून अर्धा कापा. तो ओढायचा नाही, टेकवायचा. पोस्टर कलर प्रत्येकी पहिल्या थराला दोन चहाचे चमचे आणि दुसऱ्याला एक, म्हणजे 450 मिलिलिटर. फोम बराच रंग पितो, म्हणून 600 धरा.

पहिला दिवस. कागद पुठ्ठ्यावर उभा ठेवून चारही कडांना टेप लावा. उजळ रंगाच्या चार भागांत एक भाग फेविकॉल मिसळा. हे महत्त्वाचं आहे. नुसता पोस्टर कलर सुकल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळतो, मग दुसऱ्या दिवशी वरचा थर देताना खालचा उठून येतो आणि सगळं एकजीव होतं. फेविकॉलने तो बराच धरून राहतो. रंग सायीइतका दाट हवा. रोलर ताटलीत दोनदा फिरवून जादा रंग काठावर पुसायचा आणि कागदावर वरून खाली न्यायचा. त्याच जागी तीन-चारपेक्षा जास्त वेळा फिरवला की कागदाचा वरचा पापुद्रा सुटतो. जागा थोडी कोरी राहिली तर राहू द्या, पुढे ती कामाला येते. रोलर लगेच धुवा, कारण फेविकॉल सुकला की फोम दगड होतो.

दुसरा दिवस. रद्दीच्या कागदाचे तळहाताएवढे तुकडे फाडून घ्यायचे, प्रत्येकी सहा ते आठ. कात्री वापरायची नाही, फाटलेली कडच हवी. गडद रंग यावेळी जरा पातळ करा, फेविकॉलशिवाय. कागदाच्या अर्ध्या भागावर रोलर फिरवायचा आणि ताबडतोब तुकडे ठेवून तळहाताने दाबायचे. सावकाश वीसपर्यंत मोजून एका कोपऱ्यातून उचलायचे. रंगाचा काही भाग तुकड्याबरोबर निघतो आणि खालचा उजळ थर खडबडीत, भोकाभोकांचा वर येतो, थेट चिऱ्यासारखा. मग उरलेला अर्धा भाग. एकदम पूर्ण कागद रंगवला तर पंख्याखाली दोन-तीन मिनिटांत पातळ थर सुकू लागतो आणि तुकडे उचलताना काहीच निघत नाही, किंवा तुकडाच चिकटून बसतो. चिकटलाच तर ओढू नका, चित्रात राहू द्या.

शेवटी जुन्या प्लास्टिक कार्डाचा पाच सेंटिमीटरचा तुकडा, त्याच्या कडेला थोडा पांढरा, आणि फक्त तीन फटकारे. तीनच. ही मर्यादा नसेल तर मुलं सगळा कागद पांढरा करतात. तीनच मिळणार म्हटल्यावर मूल हात वर धरून थांबतं, कुठे ठेवू याचा विचार करतं. गायतोंडेंच्या कामाचा गाभा मुलांना नेमका त्या थांबण्यातच भेटतो.

"बाई, हे काय झालं?" या प्रश्नावर चित्राला नाव देऊ नका. "डोळा कुठे जाऊन थांबतो?" एवढंच विचारा.

मातीसची कात्री (पहिली-दुसरी)

आंरी मातीस (1869–1954) यांना 1941 सालच्या शस्त्रक्रियेनंतर फार वेळ उभं राहून काम करता येईना. मदतनीस कागद रंगवून देत आणि ते खुर्चीत किंवा पलंगावर बसून त्यातून थेट कात्रीने आकार कापत. आधी पेन्सिलने काढून घेत नसत. पहिलीच्या मुलांसाठी याहून सोयीची रीत नाही.

एक दिवस फक्त कागद रंगवण्याचा: एफोर कागद, एक मूल, एक रंग, पूर्ण सपाट. विकतचा घोटीव कागदही चालतो, पण स्वतः रंगवलेल्या कागदावर ब्रशचे फराटे दिसतात आणि आकार जिवंत वाटतात. दुसऱ्या दिवशी पानं आणा: पपईचं, अळूचं, फणसाचं, माडाच्या झावळीचा तुकडा. पपईचं पान हातात धरून त्याच्या खाचांवरून बोट फिरवायला लावा, मग पान खाली ठेवून आठवणीने कापायचं. पान कागदावर ठेवून गिरवायचं नाही.

कात्री बोथट टोकाची. हात जागच्या जागी, कागद फिरवायचा. हे एकदा करून दाखवा, कारण मुलं कागद धरून ठेवून कोपर वळवतात आणि मनगट अडलं की आकार तुटतो. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची कात्री दिली तर पाती फाकतात आणि कागद कापण्याऐवजी दुमडतो. अशा मुलांची संख्या आधी विचारून डाव्या हाताच्या कात्र्या मागवा. पान कापून उरलेला कागदही फेकू नका. त्यातला पानाच्या आकाराचा रिकामा भाग दुसऱ्या रंगावर चिकटवला की तेच पान पुन्हा उमटतं, आणि मुलं चकित होतात.

रझांचा बिंदू, पैंचे राग

सय्यद हैदर रझा (1922–2016) लहानपणीची एक आठवण सांगत. मध्य प्रदेशातल्या गावच्या शाळेत त्यांचं चित्त थाऱ्यावर नसे, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं. हेच वर्गात करा. फळ्यावर एक मोठा काळा कागदी गोल, दोन मिनिटं शांतता. मग 28 सेंटिमीटरच्या चौकोनी कागदावर 10 सेंटिमीटरचा गोल, बशी किंवा डब्याचं झाकण ठेवून. आजूबाजूला गावातल्या एकाच वेळेचे रंग: पहाटेचे, भर दुपारचे, दिवेलागणीचे. उजळ रंग आधी आणि काळा सर्वात शेवटी, बाकीचं पूर्ण सुकल्यावर. ओल्या पिवळ्याला काळा टेकला की तो पसरतो आणि परत साफ होत नाही. हा उपक्रम सहज रांगोळीच्या नक्षीत घसरतो, म्हणून "कुठली वेळ?" हे प्रत्येकाला रंग द्यायच्या आधी विचारा.

लक्ष्मण पै (1926–2021) यांनी रागांवर चित्रमालिका केली होती. ते 1977 ते 1987 गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पाच मिनिटं बासरीवर भूप राग लावा, डोळे मिटून ऐकू द्या, पुन्हा लावा आणि ऑइल पेस्टलने एकच न तुटणारी रेष ओढायला सांगा. सूर वर गेला की रेष वर. शब्द असलेलं गाणं लावू नका, मुलं शब्दांची चित्रं काढतात.

पाऊस

जून ते सप्टेंबर गोव्यातल्या वर्गात रंग सुकत नाही हे धरूनच चाला. मार्चमध्ये पंधरा मिनिटांत सुकणारा थर जुलैत तासाभरानेही बोटाला लागतो. पावसाळ्यात मारियो आणि मातीस घ्या, म्हणजे पेन आणि कात्रीचं काम. गायतोंडे आणि रझा दिवाळीनंतर. ओली चित्रं एकावर एक ठेवू नका. वर्गात आडवी दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगा, दोन चित्रांत एका हाताचं अंतर ठेवा. कोरे कागद लोखंडी कपाटात जमिनीलगतच्या कप्प्यात नकोत. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वरच्या कप्प्यात ठेवा. दमट कागदावर रंग फुटतो आणि दोष मात्र मुलाच्या हाताला दिला जातो. पूर्ण सुकायच्या आधी फाइलला लावलेल्या चित्रांवर चतुर्थीच्या सुट्टीत बुरशी येते.

भिंतीवर लावताना

स्नेहसंमेलनाला सगळ्या मुलांची चित्रं लावा, निवडून नाही. चित्राखालच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव आधी आणि मोठं, त्याखाली "रीत: वासुदेव गायतोंडे", आणि तिसऱ्या ओळीत मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, हे कशाकडे बघून केलं: "आमच्या घरामागची भिंत, पाऊस पडून गेल्यावर." मूळ चित्राची प्रत शेजारी लावू नका, ती दाराजवळ वेगळी ठेवा. चिठ्ठी चित्राच्या खाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर. पालक वाकून वाचतील.